अमेरिकेतल्या सबर्बमधल्या स्टेकहाउसची वाइन लिस्ट कशी पारखावी

अमेरिकेत सबर्बमध्ये राहणाऱ्यांच्या आसपास, बहुधा मॉलच्या शेजारी, एखादं स्टेकहाउस असतंच. ऑफिसचं जेवण, मुलीचं ग्रॅज्युएशन, भारतातून आलेले पाहुणे अशा निमित्तांनी आपण तिथे जातो. जाडजूड वाइन लिस्ट पुढ्यात येते आणि बरेच जण घाईघाईने खालून दुसऱ्या किमतीची बाटली मागवून मोकळे होतात. त्याच पैशांत बरंच चांगलं काही मिळू शकतं. त्यासाठी जाणकार असावं लागत नाही. यादी कुणी मन लावून केली आहे, की वितरकाने पाठवली तशी छापली आहे, एवढं ओळखता आलं की पुरे.

१. घरूनच किमती बघा
यादी वेबसाइटवर असेल तर ओळखीच्या दोन-तीन बाटल्या निवडून त्यांची दुकानातली किंमत शोधा. दुकानाच्या दुप्पट ते तिप्पट हा नेहमीचा दर. सगळीकडे चौपट दिसत असेल, तर त्या रात्री बिअर घ्या. ७५० मिलीच्या बाटलीत साधारण १५० मिलीचे पाच ग्लास निघतात. ग्लास १८ डॉलरला आणि बाटली ६५ला असेल, तर चार ग्लास लागणार असतील तेव्हा बाटलीच परवडते. सुटा ग्लास घेणार असाल तर बाटली कधी उघडली ते जरूर विचारा.

२. नोंद पूर्ण आहे का?
माझ्या मते खरी परीक्षा इथेच होते. प्रत्येक वाइनसमोर वायनरीचं नाव, प्रदेश आणि साल (द्राक्षं काढली ते वर्ष) हवं. नुसतं ‘कॅबरने, कॅलिफोर्निया’ (कॅबरने ही लाल वाइनच्या द्राक्षांची एक जात) लिहिलं असेल तर द्राक्षं राज्यातल्या कुठल्याही भागातली असू शकतात. लेबलवर ‘नापा व्हॅली’ (कॅलिफोर्नियातला नामांकित वाइन प्रदेश) असेल तर किमान ८५ टक्के द्राक्षं तिथलीच असावी लागतात. ‘रिझर्व्ह’ला मात्र अमेरिकेत कायद्याने काहीच अर्थ नाही, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. स्पेनच्या रिओहामधली लाल ‘रेसेर्वा’ वेगळी: ती किमान तीन वर्षं मुरवावी लागते, त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात.

सालाकडे दुर्लक्ष करू नका. २०२० मध्ये वणव्यांच्या धुराने नापातली द्राक्षं इतकी बिघडली, की कित्येक वायनरींनी त्या वर्षीची लाल वाइन बाजारात आणलीच नाही. यादीत साल नसेल तर काय हाती येणार हे कळायला मार्ग नाही.

३. कॅबरनेच्या पलीकडे काय आहे?
स्टेकहाउसमध्ये कॅबरने सोव्हिन्यॉंची गर्दी असणारच, आणि त्याला कारण आहे. या वाइनमधलं टॅनिन जिभेला तुरट लागतं. रिबआयसारख्या चरबीदार मांसाबरोबर तो तुरटपणा मवाळ होतो. पण फिले मिन्यॉंमध्ये चरबी कमी असते, तिथे कमी तुरट अशी पिनो न्वार किंवा मर्लो जास्त शोभते. म्हणून तीस कॅबरने आणि एकच पिनो असलेली यादी मला आळशी वाटते. अर्जेंटिनातल्या मेंदोसाची माल्बेक, वॉशिंग्टन राज्यातल्या कोलंबिया व्हॅलीच्या वाइन, इटलीची किआंती क्लासिको, फ्रान्समधल्या रोनची सिरा यांतलं काही आहे का ते शोधा. नापाच्या नावाचे पैसे इथे मोजावे लागत नाहीत. महागड्या पानावर नामांकित बाटल्या लावायला फारशी अक्कल लागत नाही; साठ डॉलरच्या आत काय ठेवलंय, त्यावर यादी करणाऱ्याची पारख करा.

४. बीफ न खाणाऱ्यांचं काय?
आपल्या टेबलावर हा प्रश्न हमखास येतो. कुणी सॅमन घेतं, कुणी चिकन, कुणाचं जेवण मश्रूम आणि भाजलेल्या बटाट्यावर. त्यांच्यासाठी निदान एक कोरडी (म्हणजे गोड नसलेली) रीसलिंग, एक सोव्हिन्यॉं ब्लॉं आणि ओकचा वास फार नसलेली शार्डने हवी. पांढऱ्या वाइनचं पान अर्धवट असेल तर यादी अर्धीच झाली आहे.

५. भिंतीवरच्या पाटीला भुलू नका
‘वाइन स्पेक्टेटर’ मासिकाचा वाइन लिस्टसाठीचा पुरस्कार अनेक ठिकाणी लावलेला दिसतो. त्यासाठी रेस्टॉरंट स्वतः शुल्क भरून अर्ज करतं. २००८ मध्ये वाइन समीक्षक रॉबिन गोल्डस्टीन यांनी मिलानमधल्या अस्तित्वातच नसलेल्या रेस्टॉरंटची यादी पाठवली आणि तिलाही पुरस्कार मिळाला. पाटी बघा, पण निर्णय यादीवरच घ्या.

६. बाटली आल्यावर
लेबलवरचं साल यादीशी जुळवा. लाल वाइन १५ ते १८ अंश सेल्सियसला हवी. बारमागच्या फळीवर तापलेली आली तर दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगा. चाखायला दिलेल्या घोटाला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बुचाने वाइन बिघडली आहे. बाटली निःसंकोच परत करा, तो तुमचा हक्क आहे.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. तिथे दर ३००० लोकसंख्येमागे एकच मद्य परवाना या मर्यादेमुळे अनेक रेस्टॉरंट्सना तो मिळतच नाही, आणि ती आपली बाटली आणू देतात. जवळच्या स्टेकहाउसची यादी या कसोट्यांना उतरली नाही, तर दुकानातून तीस डॉलरची चांगली रिओहा घ्या आणि बाटली आणू देणाऱ्या एखाद्या रेस्टॉरंटमध्ये टेबल राखून ठेवा.