सेटिंगची फाइल कुठं ठेवायची: विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणाऱ्या प्रोग्रामसाठी

"सेटिंगची फाइल प्रोग्रामच्या शेजारीच ठेवा, शोधायला सोपी पडते" असा सल्ला देणारे अजून भेटतात. त्यांना बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात माझ्यासोबत दोन दिवस बसवायला हवं होतं. दिवाणजी प्रोग्राममध्ये दर बदलायचे, त्यांना बदललेला दिसायचा. संध्याकाळी मालकांचा मुलगा त्याच कॉम्प्युटरवर स्वतःच्या लॉगिननं बसायचा, त्याला जुनाच दर. मी 'प्रोग्राम फाइल्स', म्हणजे विंडोजवर प्रोग्राम बसतात ते फोल्डर, उघडून बघितलं तर सेटिंगच्या फाइलची तारीख सहा महिन्यांपूर्वीची. दिवाणजी खोटं बोलत नव्हते आणि कॉम्प्युटरही बिघडला नव्हता. विस्टा या आवृत्तीपासून विंडोज साध्या युजरला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहू देत नाही. पण जुन्या घडणीच्या ३२-बिट प्रोग्रामनं लिहायला घेतलंच, तर विंडोज त्याला अडवतही नाही. ती फाइल गुपचूप त्या युजरच्या ॲपडेटा-लोकलमधल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरात उतरवतं. म्हणजे प्रत्येक लॉगिनची वेगळी फाइल, आणि प्रत्येकाला वाटतं आपलीच खरी.

तेव्हा पहिली पायरी: प्रोग्राम जिथं बसवलाय ते फोल्डर फक्त वाचायचं, तिथं लिहायचं नाही. पेनड्राइव्हवरून चालवायचा प्रोग्राम असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरी पायरी: पाथ स्वतः जोडत बसू नका, सिस्टीमला विचारा

युजरच्या सेटिंगची रूढ जागा विंडोजवर ॲपडेटा-रोमिंग (युजरसोबत दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाऊ शकणारं फोल्डर; ॲपडेटा-लोकल त्याच कॉम्प्युटरवर राहतं), मॅकवर होममधल्या लायब्ररीतलं ॲप्लिकेशन सपोर्ट, लिनक्सवर होममधलं डॉट-कॉन्फिग. (पाथ मी इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन.) हे तीन पाथ पाठ करून कोडमध्ये चिकटवायचा मोह होतो, कारण तीनच तर आहेत. चिकटवू नका. विंडोजवर कंपनीच्या नेटवर्कमध्ये रोमिंग फोल्डर सर्व्हरवर वळवलेलं असू शकतं. लिनक्सवर एक्सडीजी नावाचा नियम आहे: युजरनं 'एक्सडीजी-कॉन्फिग-होम' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टीमकडून प्रोग्रामला मिळणारी किंमत) दिलं असेल तर ते पाळायचं, रिकामं असेल किंवा नसेलच तर डॉट-कॉन्फिग, आणि त्यात अर्धवट, म्हणजे रूटपासून सुरू न होणारा पाथ असेल तर तो सोडून द्यायचा. लिनक्सवर प्रोग्राम बंदिस्त करून चालवणाऱ्या फ्लॅटपॅकमध्ये प्रोग्राम चालतो तेव्हा हेच व्हेरिएबल वापरून त्याला वेगळ्या फोल्डरात नेलं जातं. तुम्ही डॉट-कॉन्फिग चिकटवून ठेवलं असेल तर तिथं घोळ ठरलेला.

क्यूटी या सी++ लायब्ररीत यासाठी क्यूस्टँडर्डपाथ्स आहे, पायथनला प्लॅटफॉर्मडिर्स ही लायब्ररी, गो भाषेत युजर-कॉन्फिग-डिर हे फंक्शन भाषेसोबतच येतं. प्लॅटफॉर्मडिर्स वापरणाऱ्यांना एक सूचना: विंडोजवर लेखकाचं नाव दिलं नाही तर ती प्रोग्रामचंच नाव दोनदा लावते, फोल्डरात पुन्हा त्याच नावाचं फोल्डर. नको असेल तर लेखकाच्या जागी 'फॉल्स' द्या. आणि न सांगता ती रोमिंग देत नाही, लोकल देते.

मॅकवर लायब्ररीत 'प्रेफरन्सेस' नावाचंही फोल्डर आहे आणि नाव बघून नवखा माणूस तिकडेच धावतो. ते सिस्टीमच्या स्वतःच्या पी-लिस्ट फायलींसाठी आहे, तिथं आपली आयएनआय किंवा जेसन टाकायची नाही. टर्मिनलमधून चालणारं टूल असेल तर मात्र मी मॅकवरही डॉट-कॉन्फिगच वापरतो. यावर लोक तावातावानं भांडतात. पण टर्मिनल वापरणारा माणूस आपल्या डॉट-फायली (टिंबानं सुरू होणाऱ्या सेटिंगच्या फायली) एका मशीनवरून दुसऱ्यावर नेत असतो, त्याला ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये हुडकायला लावणं मला पटत नाही. खिडकीवालं ॲप असेल तर ॲप्लिकेशन सपोर्ट, विषय संपला.

तिसरी पायरी: आधी वाटण्या करा

इथं मी तोंडावर आपटलोय, म्हणून इथं जरा थांबू.

निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीला वजनकाटा जोडून पावती काढणारा प्रोग्राम दिला होता. सगळ्या सेटिंगची एकच फाइल, रोमिंगमध्ये, अगदी पुस्तकी जागी. भाषा मराठी की कन्नड, पावतीवरचं पेढीचं नाव, दर, काट्याचा कॉम-पोर्ट (काटा ज्या जोडणीवर लावलाय ती), प्रिंटरचं नाव, खिडकी स्क्रीनवर कुठं उघडायची, आणि शेवटचा पावती नंबर. दोन वर्षांनी मालकांनी नवा कॉम्प्युटर घेतला. मी ऐटीत म्हणालो, एवढी एक फाइल उचलून नव्यावर टाका. त्यांनी टाकली. काटा जुन्या पोर्टवर शोधायला लागला, प्रिंटर सापडेना. जुन्या टेबलावर दोन स्क्रीन होते, त्यामुळं खिडकी डाव्या बाजूला, अस्तित्वातच नसलेल्या स्क्रीनवर उघडली. आणि फाइल चार दिवस आधीच्या बॅकअपमधली होती, म्हणून पावती नंबर चार दिवस मागे गेले. एकाच नंबरच्या दोन-दोन पावत्या शेतकऱ्यांच्या हातात. मालक फोनवर एवढंच म्हणाले, "असं कसं झालं सांगा की हो आता." सांगण्यासारखं काही नव्हतं.

फाइल पुस्तकी जागेवर होती, तरी माझं चुकलं होतं. कुठं ठेवायची हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, या ओळीचा मालक कोण? माणूस, मशीन, धंदा की प्रोग्राम स्वतः? चौघांचं सामान एका पिशवीत भरलं की जागा कितीही बरोबर असली तरी उपयोग नाही.

मी आता प्रत्येक ओळीला विचारतो: ही उडाली तर कोण रडेल? भाषा किंवा पेढीचं नाव उडालं तर माणूस वैतागेल, पुन्हा भरेल. हे खरं सेटिंग, हे रोमिंगला, ॲप्लिकेशन सपोर्टला, डॉट-कॉन्फिगला. पावती नंबर उडाला तर धंदा रडेल, म्हणून तो सेटिंग नव्हेच, तो डेटा. त्याची जागा पावत्यांच्या डेटाबेसमध्ये. लिनक्सवर डॉट-लोकलमधलं शेअर, मॅकवर ॲप्लिकेशन सपोर्ट, विंडोजवर लोकल, आणि कॉम्प्युटरवरचे सगळेच युजर मिळून वापरत असतील तर प्रोग्रामडेटा. खिडकीची जागा, अलीकडं उघडलेल्या फायलींची यादी, लॉग (प्रोग्रामनं काय काय केलं त्याची नोंद) उडाला तर कुणीच रडणार नाही, फक्त "अरे, गेलं वाटतं" म्हणेल. ही झाली स्थिती. एक्सडीजी नियमात तिला २०२१ साली स्वतंत्र जागा मिळाली, डॉट-लोकलमधलं स्टेट. त्याआधी लोक ती बिनदिक्कत कॉन्फिगमध्ये कोंबायचे, बरेच अजून कोंबतात. आणि जे उडालं तरी प्रोग्राम स्वतःच परत बनवेल ती कॅश: डॉट-कॅश, मॅकवर लायब्ररीतलं कॅशेस, विंडोजवर लोकल. कॅशची परीक्षा सोपी आहे, पुसून बघा. प्रोग्राम अडखळला तर ती कॅश नव्हती.

दुसरा प्रश्न: ही ओळ शेजारच्या कॉम्प्युटरवर नेली तर खोटी ठरेल का? कॉम-पोर्ट, प्रिंटर, डिस्कवरचे पाथ, सगळं खोटं ठरतं. ते विंडोजवर रोमिंगमध्ये न जाता लोकलमध्ये गेलं पाहिजे. लिनक्स आणि मॅकवर 'फक्त या मशीनचं सेटिंग' अशी वेगळी जागा नाही, म्हणून मी 'मशीन' नावाची दुसरी छोटी फाइल करतो. लिनक्सवर ती स्टेटमध्ये, मॅकवर मुख्य सेटिंग फाइलच्या शेजारीच. नियमाच्या शब्दांत हे जरा ओढूनताणून आहे, पण त्या फाउंड्रीपासून वखारीपर्यंत कुठंच याचा त्रास झालेला नाही.

"घरगुती कॉम्प्युटरवर रोमिंग काय नि लोकल काय, दोन्ही एकाच डिस्कवर" असं सांगणारे हुशार लोक असतात. घरात खरं आहे. एका कॉलेजच्या लॅबमध्ये मात्र रोमिंग प्रोफाइल चालू होती, म्हणजे पोरगं लॉगिन झालं की त्याचं रोमिंग फोल्डर सर्व्हरवरून येणार, लॉगआउट झालं की परत जाणार. कुणाच्या तरी प्रोग्रामनं तिथं कॅश भरून ठेवली होती. सकाळी साठ पोरं एकदम बसली की निम्मं प्रॅक्टिकल लॉगिनमध्येच संपायचं. तो प्रोग्राम माझा नव्हता, हे आवर्जून सांगतो.

पासवर्ड आणि टोकन यांपैकी कशातच नाहीत. विंडोजचं क्रेडेन्शियल मॅनेजर, मॅकचं कीचेन, लिनक्सवर सीक्रेट सर्व्हिस, तिथं द्या. आणि सगळ्या मशीनसाठी ॲडमिननं ठरवलेली सेटिंगं, म्हणजे लिनक्सवर ईटीसी, विंडोजवर प्रोग्रामडेटा, मॅकवर डिस्कच्या मुळाशी असलेली लायब्ररी, ही तुमच्या प्रोग्रामनं नुसती वाचायची. दोन ठिकाणी वेगळं सांगितलं असेल तर वरच्याचं ऐकायचं: ॲडमिनच्या सेटिंगवर युजरची फाइल, तिच्यावर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, सगळ्यावर कमांड-लाइन.

चौथी पायरी: फोल्डरचं नाव एकदाच ठरवा

माझ्या एका प्रोग्रामचं नाव आमच्या शहराच्या, बेळगावच्या, नावावरून होतं, इंग्रजी स्पेलिंगमध्ये. १ नोव्हेंबर २०१४ ला शहर कागदोपत्री बेळगावी झालं, स्पेलिंग बदललं, गिऱ्हाइकांनी प्रोग्रामवरही नवं मागितलं. घरी आम्ही बेळगावच म्हणतो, पण घरात म्हणतो म्हणून गिऱ्हाइकाला चालत नाही. मी कोडमधला एक कॉन्स्टंट बदलला. तोच कॉन्स्टंट फोल्डरच्या नावालाही वापरला होता. अपडेटनंतर प्रत्येकाला प्रोग्राम कोराकरकरीत, जणू आजच बसवलाय. स्क्रीनवरचं नाव आणि फोल्डरचं नाव कोडमध्ये वेगळं ठेवा, आणि फोल्डरच्या नावात आवृत्तीचा नंबर घालू नका.

नाव सगळं छोट्या लिपीतल्या रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. विंडोज आणि मॅक सहसा छोटी-मोठी अक्षरं एकच धरतात, लिनक्स धरत नाही. आणि कॉन्फिगचं लाडानं 'कॉन' करू नका, ते नाव विंडोजनं स्वतःसाठी राखून ठेवलंय.

जागा बदलायचीच झाली तर: नव्या जागी फाइल असेल तर तीच वाचायची. नसेल आणि जुन्या जागी असेल तर कॉपी करायची, जुनी पुसायची नाही, लॉगमध्ये एक ओळ टाकायची. दोन्ही वाचून मिसळायची नाहीत. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट होममधली जुनी डॉट-गिटकॉन्फिग आणि डॉट-कॉन्फिगमधली नवी अशा दोन्ही वाचतं, पण गिटचे युजर कागदपत्रं वाचतात. आपले फोन करतात.

पाचवी पायरी: लिहिताना

त्याच फोल्डरात तात्पुरती फाइल लिहा, डिस्कवर उतरवा, मग तिचं नाव बदलून जुनीच्या जागी बसवा. तात्पुरती दुसऱ्या ड्राइव्हवर केली तर नाव बदलणं एका झटक्यात होत नाही. खानापूरकडं पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते हे ज्याला माहीत आहे, त्यानं शून्य बाइटची सेटिंग फाइलही बघितलेली असते. लिनक्सवर फोल्डर नसेल तर बनवताना परवानगी ७००, म्हणजे फक्त मालकाला.

फाइल यूटीएफ-८ मध्ये, आणि ते कोडमध्ये स्पष्ट लिहून. पायथननं विंडोजवर वर्षानुवर्षं न सांगता सिस्टीमचं कोडपेज (अक्षरांचा जुना, मोजका तक्ता) धरलंय, आणि पेढीचं नाव एका ओळीत मराठी, खालच्या ओळीत कन्नड असलं की तिथंच फाइल मोडते. वाचताना सुरुवातीची बीओएम ही न दिसणारी खूणही सहन करा, कारण जुनं नोटपॅड यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करताना ती चिकटवतं आणि तुमची पहिलीच ओळ ओळखू येत नाही.

आपल्या भागातली खास परीक्षा: विंडोजवर कन्नड किंवा मराठी अक्षरांतलं युजरनेम असलेलं खातं बनवा आणि प्रोग्राम चालवा. देवनागरीला आणि कन्नडला जुन्या एएनएसआय कोडपेजमध्ये जागाच नाही, म्हणून जुनी फंक्शनं वापरली असतील तर होमचा पाथ निव्वळ प्रश्नचिन्हांचा होतो. युनिकोडवाली फंक्शनं वापरा. ही चाचणी मुंबई-पुण्याच्या मित्रांनी केली नाही तरी चालेल, आपल्याला चालत नाही.

शेवटचं, मेनूत 'सेटिंगचं फोल्डर उघडा' असं बटण द्या, आणि टर्मिनलचं टूल असेल तर पाथ छापणारी कमांड. मॅकवर लायब्ररी फोल्डर २०११ च्या लायनपासून लपवलेलं असतं, विंडोजवर ॲपडेटाही लपवलेलंच. ते दाखवायचं कसं हे मी एकदा अथणीच्या गिऱ्हाइकाला फोनवर पाऊण तास समजावलंय, निम्मं मराठीत, निम्मं मोडक्या कन्नडमध्ये. पुढच्याच आवृत्तीत बटण आलं.