या चुका टाळा : 'आउट ऑफ द क्वेश्चन' म्हणजे 'निःसंशय' नव्हे

भाषांतरे तपासताना मला सर्वाधिक वेळा दुरुस्त करावा लागलेला इंग्रजी वाक्प्रचार म्हणजे 'आउट ऑफ द क्वेश्चन'. ती गोष्ट अशक्य आहे, तिचा विचारही होऊ शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चुकीचे मूळ आपल्या मराठीत आहे, कारण आपले 'प्रश्नच नाही' दोन्हीकडे चालते : 'माघार घेण्याचा प्रश्नच नाही' म्हणजे माघार अशक्य, तर 'ती जिंकणार, प्रश्नच नाही' म्हणजे विजय निश्चित. इंग्रजी वाक्प्रचार यांपैकी पहिलेच काम करतो.

एक शिफारसपत्र माझ्याकडे आले ते रवाना झाल्यानंतर. 'तिच्या प्रामाणिकपणाबद्दल प्रश्नच नाही' या वाक्याचे त्यात 'हर ऑनेस्टी इज आउट ऑफ द क्वेश्चन' झाले होते. म्हणजे जिचे भले व्हावे म्हणून पत्र लिहिले, तिच्याकडून प्रामाणिकपणाची अपेक्षाच ठेवू नये, असे ते सांगत होते. तेथे 'बियॉन्ड क्वेश्चन' हवे होते. खुलाशाचे दुसरे पत्र धाडावे लागले आणि मधल्या काळात त्या मुलीला जो मनस्ताप झाला, तो मला आजही अस्वस्थ करतो.

'द' गाळला की अर्थ 'निःसंशय' होतो, ही पळवाट मला मुळीच मान्य नाही. 'आउट ऑफ क्वेश्चन' त्या अर्थाने शेक्सपिअरच्या नाटकांत सापडते हे खरे. परंतु आजचा वाचक तेथे 'द' राहून गेला असेच समजतो आणि वाक्य पुन्हा उलटे वाचतो.

'देअर इज नो क्वेश्चन' यापुढे 'दॅट' आले तर गोष्ट निश्चित, 'ऑफ' आले तर बहुधा अशक्य. म्हणून घाईने पहिले तीन-चार शब्द पाठ करणाऱ्यांनी पुढचा शब्दही पाठ करावा. 'इन क्वेश्चन' निराळेच आहे : नामाला लागून आल्यास 'प्रस्तुत', क्रियापदानंतर आल्यास बहुधा 'संशयास्पद'.

मी स्वतः इंग्रजीकडे वळण्यापूर्वी मराठी वाक्यातील 'प्रश्नच नाही' खोडून तेथे 'अशक्य' किंवा 'निःसंशय' लिहितो. यास अर्धा मिनिट लागतो, आणि तेवढाही वेळ नसलेल्यांनी सरळ 'इम्पॉसिबल' किंवा 'सर्टन' लिहावे. शिवाय 'आउट ऑफ द क्वेश्चन' हा नकार अत्यंत ठाम असतो. पुढे बोलणी चालू ठेवायची असल्यास तो वापरू नये.