वाड्याच्या भिंतीवरचं सिमेंट उतरवून चुन्याचा गिलावा कसा करावा

पुण्याच्या पेठांतले वाडे एकदम पडत नाहीत. आधी भिंतीला ओल येते, मग लोणा (क्षारांची पांढरी पूड), मग 'धोकादायक' ही पाटी, आणि त्यानंतर सहा मजली इमारतीचा नकाशा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर नदीकाठच्या पेठांत मातीच्या भिंती विरघळल्या. माती कच्ची आणि सिमेंट पक्कं, हे समीकरण लोकांच्या मनात घट्ट बसलं. मग उरलेल्या वाड्यांवरही सिमेंटचा थर चढला. बऱ्याच ठिकाणी रोगाची सुरुवात या थरातच असते.

वाड्याची भिंत खालून पाणी ओढते आणि पृष्ठभागावरून सोडते. वर सिमेंट किंवा प्लास्टिक पेंट आला की पाण्याची वाट बंद होते. ते आणखी वर चढतं, क्षार घेऊन थराच्या मागे साठतं. क्षारांचे स्फटिक फुगतात आणि गिलावा विटेच्या तोंडासकट पोपड्याने सुटतो. भिंतीत शिरलेली तुळईची टोकं कुजतात, ती वेगळीच.

काम सुरू करण्याआधी वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, कोणत्या श्रेणीत आहे, ते पाहा. यादीत असेल तर परवानगी आधी.

मग छिन्नीच्या लाकडी मुठीने भिंत ठोकत जा. जिथे डबडब वाजेल तिथे खडूने रेघ ओढा. सिमेंट हातोडी-छिन्नीनेच काढा, छिन्नी तिरकी धरून. ब्रेकर लावलात तर लाकडी सांगाड्याच्या जोडातली खुंटी हलते. विटांचे सांधे १२ ते १५ मिलिमीटर खोल खरवडा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर क्षार पुन्हा आत जातात. मग भिंत किमान तीन आठवडे उघडी सोडा. इथेच घाई होते आणि पुढचं सगळं काम वाया जातं.

या काळात तुळयांची टोकं दाभणाने टोचून बघा. दाभण सहज आत गेलं तर गिलाव्याचं काम थांबवा, टेकू द्या आणि लाकडी सांगाड्यावर काम केलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. बऱ्याच वाड्यांत मजल्यांचं वजन सागवानी खांब-तुळयांवर असतं, भिंत फक्त भरण असते. आरसीसीची सवय असलेला माणूस फुगलेली भिंत पाहून अख्खा वाडा पाडायला सांगेल.

चुना विकत आणताना पुडीतला भुकटीचा नको, कळीचा (भाजलेल्या चुनखडीचे न विरवलेले खडे) आणा. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या, मग त्यात थोडा थोडा चुना सोडा. उलटं केलंत तर उकळी उसळून अंगावर येते. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे हवेतच. प्लास्टिकचं पिंप उष्णतेने वितळू शकतं. विरलेला चुना चाळून त्यावर दोन इंच पाणी ठेवा आणि किमान १५ दिवस मुरू द्या. तीन महिने मिळाले तर उत्तम.

पक्क्या विटेच्या भिंतीला एक भाग चुना, एक भाग सुर्खी (भाजक्या विटांची पूड), दोन भाग धुतलेली वाळू. १०० चौरस फुटांना १५ मिलिमीटर जाडी धरली तर सगळा मिळून साडेसहा घनफूट माल लागेल. दोन थरांत लावा, वरून २-३ मिलिमीटरचा बारीक हात. आधी दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा लावून १५ दिवस बघा. केसासारख्या भेगा आल्या तर चुना जास्त आहे किंवा भिंत तहानलेली होती. बोटाने पीठ सुटलं तर गिलावा उन्हात वाळला.

वरच्या मजल्याची भिंत पांढरीच्या मातीची असेल (जुन्या गावठाणाची माती, म्हणून हे नाव), तर तिच्यावर थेट चुना धरत नाही. भुसा मिसळून चार-पाच दिवस कुजवलेल्या मातीचा थर आधी, चुना त्याच्यावर पातळ.

गवंडी हमखास म्हणेल, 'मूठभर सिमेंट टाकू, लवकर धरेल.' धरेल, पण मग चुना वापरून उपयोग काय?

गिलावा दहा दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात भिंत सुकत नाही, एप्रिल-मेमध्ये गिलावा भाजून निघतो.

आता खालची बाजू. डांबर आणि काँक्रीटचे थर चढत गेल्याने पेठेतल्या अनेक गल्ल्या जोत्याच्या वर आल्या आहेत. गिलावा रस्त्याच्या पातळीच्या सहा इंच वर थांबवा. जिथे जोत्याचा दगड अजून दिसतो तिथे तो उघडाच ठेवून फक्त सांधे चुन्याने भरा. चौकात भिंतीलगत एक फूट रुंद खडीची पट्टी सोडा. चौकभर चकचकीत टाइल्स बसवल्या की पाण्याला भिंतीखेरीज वाट उरत नाही.

रंग चुन्याचाच, दुधाइतका पातळ, तीन-चार हात. एक हात पूर्ण सुकल्यावर, भिंत पुन्हा ओलसर करून दुसरा. ओला असताना तो पाणचट दिसतो आणि मालक नाराज होतो. वाळल्यावर पांढरा उठतो, तोवर वर दुसरा डबा ओतू देऊ नका.