गिऱ्हाईक नेमकं कुठे अडलंय?

माल खपेना की बहुतेक जण आधी जाहिरातीचा खर्च वाढवतात. मीही तेच करायचो. ऑफिसच्या खुर्च्या विकण्यात २० वर्षं गेल्यावर आता मी आधी शोधतो, गिऱ्हाईक अडलंय कुठे?

त्याला आपला माल ठाऊकच नसेल, तर जाहिरात करा. पण एका जाहिरातीत एकच गोष्ट सांगा. आमच्या पहिल्या जाहिरातीत खुर्चीचे नऊ गुण होते, लोकांच्या लक्षात एकही राहिला नाही. पुढच्या वेळी फक्त ‘कंबर टेकते’ एवढंच लिहिलं आणि विचारणा सुरू झाली. प्रत्येक जाहिरातीला वेगळा सवलत कोड द्या, म्हणजे कोणती चालली ते कळतं. अमेरिकी जाहिरातकार क्लॉड हॉपकिन्स जाहिरातीतून परत आलेली कूपनं मोजून हेच करायचे, तेही १०० वर्षांपूर्वी.

माल ठाऊक आहे पण भरवसा नाही, तिथे जनसंपर्क लागतो. पैसे देऊन बातमी छापून आणणं म्हणजे जनसंपर्क नव्हे. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड घातलं, सात जण दगावले. ज्यांचं ते औषध, त्या जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, पुढे छेडछाड केली तर दिसेल अशा वेष्टनात औषध आणलं, आणि गेलेलं गिऱ्हाईक परत आलं. आमच्या एका खेपेची चाकं तडकायला लागली, तेव्हा तक्रारी येण्याची वाट न पाहता आम्ही प्रत्येकाला स्वतःहून फोन केले. वाईट बातमी आपल्याच तोंडून जाऊ द्या.

आणि वस्तू हाताळल्याशिवाय पटतच नसेल, तर माणूस लागतो. टपरवेअरचं झाकण दाबून आतली हवा काढायची असते. दुकानातल्या फळीवर ठेवलेल्या डब्यावरून ते कुणाला कळेना. ब्राउनी वाइज या अमेरिकी विक्रेत्या घरोघरी बायकांच्या बैठका घेऊन करून दाखवायच्या, तिथे डबे हातोहात जायचे. शेवटी १९५१ मध्ये कंपनीने दुकानातली विक्रीच थांबवली.

खुर्चीचंही तसंच. गिऱ्हाइकाला आधी बसवा. “पाठ साधारण किती वाजता दुखायला लागते?” असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. हे गप्प राहणंच नव्या विक्रेत्याला सगळ्यात जड जातं. मग सीटखालचा खटका त्यालाच ओढू द्या, तुम्ही हात लावू नका. माणूस मागे रेलतो, खांदे खाली येतात. त्या वेळी किंमत सांगू नका, त्याला बसू द्या. पाय जमिनीला टेकत नसतील तर ती खुर्ची त्याला विकूच नका, दुसरी दाखवा.

खुर्ची विकल्यावर आठव्या दिवशी फोन करा, पण विकायला नव्हे. पाठ कशी आहे, खटका कुठल्या खाचेवर ठेवलाय, एवढंच विचारा आणि उत्तर शब्दन् शब्द वहीत उतरवून घ्या. ‘कंबर टेकते’ हे शब्द आम्हाला अशाच एका फोनवर एका बाईंकडून मिळाले.