काळी-पिवळीत बसण्याआधी

जिल्हा परिषदेत शिक्षकाची नोकरी लागून कोल्हापूरहून यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात आलो, त्याला एकोणीस वर्षं झाली. आपल्याकडचा कुणी ना कुणी दर जूनमध्ये इथे रुजू होतो आणि आठवड्याच्या आत विचारतो, "सर, शाळेवर जायचं कसं?" खोली, पाणी, डबा यांचं सांगायला बाकीचे आहेत. गाड्यांचं मी सांगतो.

आतल्या गावांना एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक. मधल्या वेळेला काळी-पिवळी, म्हणजे टॅक्सी परवान्याची जीप. पहिल्या दिवशी बसलो तेव्हा ड्रायव्हर कोणता तेच कळेना. पुढे चौघं. स्टिअरिंग धरलेल्याच्याही उजव्या अंगाला, दाराला चिकटून, कोंबडी घेतलेला एक म्हातारा. गिअर टाकायचा तर शेजारच्याने गुडघा उचलायचा. "सरका नं जी, दाबून बसा," असं तीनदा झालं की गाडी हलते. तक्रार करायला जाऊ नका. दुपारच्या बाळंतिणीला दवाखान्यात हीच गाडी नेते.

पण कुठल्या जीपमध्ये बसायचं, हे तुमच्या हातात आहे. आधी पाटी बघा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे भाड्याची गाडी. पांढरी पाटी खासगी. तिने भाडं घेतलं की ती अवैध वाहतूक, आणि विनापरवाना धंद्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात १०,००० रुपये दंड आहे. दंड मालकाला, हाल तुमचे. खासगी गाडीच्या विम्यात भाड्याचा प्रवासी बसत नाही; गाडी उलटली तर भरपाईसाठी कोर्टाच्या पायऱ्या तुम्हाला झिजवाव्या लागतील.

मग नंबर एम-परिवहन ॲपमध्ये टाका. फिटनेस, विमा, पीयूसी कधी संपते ते तिथे दिसतं. टॅक्सीला फिटनेस, आपल्या भाषेत पासिंग, आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावं लागतं. इथल्या बहुतेक जिपा आठ वर्षं कधीच ओलांडून गेलेल्या, तेव्हा दरवर्षीच म्हणा. हायकोर्टाच्या आदेशामुळे ब्रेक २५० मीटरच्या ट्रॅकवर तपासावे लागतात. म्हणजे मालकाला यवतमाळची सत्तरेक किलोमीटरची वारी आणि त्या दिवसाचा धंदा बुडाला. टाळाटाळ होते ती यामुळे. तारीख चुकली की रोजचे ५० रुपये विलंब शुल्क लागायचं; २०२४ मध्ये त्यावरून राज्यभर रिक्षा-टॅक्सीवाले रस्त्यावर आले, तेव्हा सरकारने त्याला स्थगिती दिली.

कागद ताजा म्हणजे गाडी धड, असंही समजू नका. आमच्या गल्लीत एका पासिंगच्या आदल्या रात्री मी टॉर्च धरून उभा होतो. शेजारच्या जीपचे चार चांगले टायर काढून या जीपला चढवले, लाल अग्निशामक नळकांडं तिसऱ्याकडून आणलं, मागे रिफ्लेक्टरची पट्टी नवी चिकटवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टायर परत आपल्या मालकाकडे. म्हणून ॲप बघितलं तरी चढताना टायरवर एक नजर टाका. नक्षी गुळगुळीत झाली असेल तर पुढची गाडी.

जादा प्रवाशांची गंमत ऐका. कायद्यात प्रत्येक जादा माणसामागे २०० रुपये दंड, शिवाय त्यांना उतरवून दुसऱ्या गाडीची सोय होईपर्यंत जीप हलवायची नाही, असं लिहिलंय. एका मे महिन्यात एका फाट्यावर तपासणीच्या साहेबांनी आम्हा सात जणांना उतरवलं. दंडाची पावती फाटली, जीप निघून गेली, साहेबही गेले. सोय कोण करणार ते कुणी बोललंच नाही. पळसाखाली दीड तास काढला. शेवटी आली ती दुसरी काळी-पिवळी, पहिलीपेक्षा भरलेली! बसलो.

एसटी स्टँडपासून २०० मीटरच्या आत एसटी सोडून बाकीच्या प्रवासी गाड्यांना, काळी-पिवळीलाही, मनाई आहे, त्यामुळे जीप स्टँडवर शोधू नका. जरा पुढे, चहाच्या टपरीपाशी मिळेल. २०२१ च्या नोव्हेंबरात एसटीचा संप होता, तेव्हा सरकारनेच खासगी गाड्यांना प्रवासी न्यायची मुभा दिली होती. जुने ड्रायव्हर ते अजून ऐकवतात. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि यांचा धंदा आणखी बसला. म्हणून सीट भरल्याशिवाय जीप निघत नाही. घाई असेल तर मॅडम लोकांनी एसटीचीच वेळ पाठ करावी.

स्वतःची गाडी आणलीत तर एमएच-०९ ची पाटी बदलायची गरज नाही, फक्त पत्ता ३० दिवसांत बदलून घ्या. चार सहकाऱ्यांनी मिळून पेट्रोल वाटून घेणं वेगळं. पण वाटेत हात दाखवणाऱ्यांकडून वीस-वीस रुपये घ्यायला लागलात की तुम्हीही पांढऱ्या पाटीचे टॅक्सीवाले. आमच्यातल्या एकाने केलं, त्याचा पगार दंडात गेला. आणि आदिलाबादला दवाखान्यात जायचं तर गावातली काळी-पिवळी करू नका. तो तेलंगण; तिथे टुरिस्ट परवान्याची गाडीच लागते, नाहीतर सीमेवर पेशंटसकट अडकाल.

माझ्या नेहमीच्या जीपचं पासिंग यंदा दिवाळीला संपतंय. पुढच्या सीटवरून मी ड्रायव्हरला आठवण देत असतो. तो गिअर टाकतो, मी गुडघा उचलतो.

"हो जी सर," तो म्हणतो, "तुमीच आरटीओ होऊन गेले आता."