लोगो-वेबसाइट करताय? या चुका टाळा, निदान महागातल्या तरी

दसरा किंवा पाडवा आठवड्यावर आला की फोन सुरू होतात. "मुहूर्तावर उद्घाटन आहे, तेवढ्यात लोगो आणि वेबसाइट होईल ना?" मशीन घेताना सहा महिने कोटेशनं मागवणारा, गाळ्याच्या डिपॉझिटवरून आठ दिवस घासाघीस करणारा माणूस नाव, चिन्ह आणि पत्ता मात्र एका संध्याकाळी उरकायला बघतो. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात मी हेच काम करतो. मसालेवाले, लोणचीवाले, जिमवाले, होमस्टेवाले, सगळे येतात. धंदे वेगळे, चुका त्याच. दोन चुका इतक्या वेळा बघितल्यात की त्यांच्यावर सविस्तर बोलतो. बाकीच्या येता जाता.

डोमेन दुसऱ्याच्या नावावर

डोमेन म्हणजे तुमच्या वेबसाइटचा पत्ता, अमुक-तमुक डॉट कॉम. "साइट करणाऱ्यानेच डोमेनपण घेतलं" असं कुणी म्हणालं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला: कुणाच्या ईमेलवर? उत्तर बहुतेक वेळा येत नाही. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून कुणी बंगला बांधायला काढत नाही, पण डोमेनच्या बाबतीत शिकलेली माणसंसुद्धा हेच करतात.

तासगावकडच्या एका काकूंचा कांदा-लसूण मसाला. चव अशी की पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं कुरिअरने मागवायची. भाच्याच्या मित्राने वेबसाइट करून दिली, पैसेही बेताचे घेतले. पोरगा चांगला होता हे आवर्जून सांगतो, कारण अशा वेळी लोक लगेच 'फसवलं' म्हणून मोकळे होतात. त्याने डोमेन आपल्या कॉलेजच्या ईमेलवर घेतलं, पैसे आपल्या कार्डावरून भरले आणि नोकरी लागल्यावर बंगळूरला गेला. कॉलेज सुटलं तसा तो ईमेलही सुटला. नूतनीकरणाच्या सूचना तिथेच पडत राहिल्या.

दिवाळीच्या तोंडावर काकूंचा फोन. "अहो, आमच्या साइटवर भलतंच काहीतरी इंग्रजी येतंय. गिऱ्हाईक विचारतंय, धंदा बंद केला काय?" उघडून बघितलं तर डोमेनची मुदत संपल्याचं पान. काकू तिप्पट पैसे भरायला तयार होत्या. पण रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, लेखी काकू कुणीच नव्हत्या. नोंद पोराच्या नावावर, खातं पोराच्या ईमेलवर, आणि मालक म्हणजे नोंदीतला माणूस, एवढंच त्यांना कळतं. कळायलाही तेवढंच पाहिजे, नाहीतर उद्या कुणीही कुणाचंही डोमेन मागेल.

डॉट कॉमचं गणित साधारण असं असतं. मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करता येतं, पण ते किती दिवस हे प्रत्येक रजिस्ट्रारचं वेगळं. त्यानंतर ३० दिवस जास्तीचा आकार भरून सोडवून घेता येतं. मग आणखी ५ दिवस, आणि नाव सगळ्यांना मोकळं. पोराचा नवा नंबर त्याच्या आईकडून मिळाला, त्याने जुना ईमेल उघडायची खटपट केली, कॉलेजला अर्ज केला, आणि या सगळ्यात मुदत उलटली. नाव तिसऱ्याच कुणीतरी उचललं. आता तिथे जाहिरातींचं पान आहे.

साइट आम्ही नव्या नावावर उभी केली, त्याचं काही नाही. पण पाऊच छापून पडले होते, त्यांच्यावर जुना पत्ता आणि त्याच पत्त्याचा क्यूआर कोड. काकूंच्या शेडमध्ये दोन बायका दिवसभर बसून पाऊचवर स्टिकर लावत होत्या. मसाल्याचे हात तेलकट, स्टिकर धरेना. शेवटी एकीने पाऊच पुसून पुढे सारायचे आणि दुसरीने, साबणाने हात धुऊन, फक्त चिकटवायचं अशी वाटणी झाली. तरी कोपरे सुटतच होते.

म्हणून माझी पद्धत सांगतो. गिऱ्हाइकाला लॅपटॉपसमोर बसवतो. खातं त्याच्या ईमेलवर आणि मोबाइलवर, पैसे त्याच्याच यूपीआयवरून. तो पासवर्ड टाकतो तेव्हा मी तोंड फिरवतो. कामापुरता वेगळा प्रवेश मिळाला की मला पुरतं. खात्याला ईमेल देताना त्याच डोमेनवरचा देऊ नका, कारण डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद, मग सूचना येणार कुठे? एकदम तीन-चार वर्षांचे पैसे भरा (डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं), पण त्याआधी नूतनीकरणाचा दर वाचा. पहिल्या वर्षीचा स्वस्त दर हा गळाला लावलेला असतो. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा, पण त्याच्या भरवशावर झोपू नका, कार्ड बदललं की ते गुपचूप फसतं. आणि मुदतीची तारीख मी घरातल्या कालनिर्णयवर लिहायला लावतो. लोक हसतात. हसू देत.

क्यूआर कोडचीही हीच गत. फुकट कोड करून देणाऱ्या काही साइट तुमचा पत्ता थेट कोडमध्ये घालत नाहीत, मध्ये स्वतःचा पत्ता घालतात. चाचणीची मुदत संपली की कोड मेला. छापायला देण्याआधी कोड स्कॅन करा आणि फोन कुठला पत्ता दाखवतो ते अक्षर न् अक्षर वाचा. तुमच्या डोमेनशिवाय दुसरं काही दिसलं तर तो कोड पाऊचवर जाता कामा नये.

डोमेनचं नाव निवडताना रोमन स्पेलिंगचा घोळ लक्षात घ्या. 'आईचा' हे एक ए लिहून, दोन ए लिहून, मध्ये आय लावून, वाय लावून, कसंही लिहिता येतं आणि लोक तसं लिहितातही. नाव फोनवरून गावाकडच्या मावशीला सांगा, ती काय टाइप करते ते बघा. ती चुकली तर नाव बदला, मावशीला शिकवत बसू नका.

लोगो म्हणजे व्हॉट्सअॅपवर आलेली जेपीजी

फ्लेक्सवाल्याकडे एकदा तासभर बसून बघा. माणूस येतो, मोबाइल पुढे करतो, "हा लोगो, दहा बाय चारचा बोर्ड करायचाय." फाइल व्हॉट्सअॅपवरून चार जणांच्या हातून फिरून आलेली, वाटेत दाबली जाऊन दर्जा घसरलेली. ऑपरेटर ती कोरलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडतो, चित्राच्या कडा गिरवणारं ट्रेसचं बटण दाबतो, आणि 'श्री'च्या वेलांटीला टेंगूळ येतं. पाठीमागे गर्दी असते, तो ते तसंच छापतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, तो चौरस फुटाच्या भावाने काम करतो.

लोगो व्हेक्टरमध्ये हवा, म्हणजे कितीही मोठा केला तरी कडा फाटत नाहीत. डिझायनरकडून घेताना चार गोष्टी मागा: मूळ सीडीआर (कोरलची फाइल) किंवा एआय (इलस्ट्रेटरची फाइल), अक्षरं कर्व्ह केलेली पीडीएफ, वेबसाइटसाठी एसव्हीजी, आणि पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी. 'कर्व्ह केलेली', म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकलेली, हा शब्द लक्षात ठेवा. मराठी अक्षरांची फाइल कर्व्ह न करता दिली आणि पुढच्याकडे तो फाँट नसला, तर जोडाक्षरं सुटतात. जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये काम असेल तर 'स्वाद' उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच प्रेसमध्ये कोरलची जुनी आवृत्ती असते, म्हणून सीडीआरची एक प्रत जुन्या आवृत्तीत सेव्ह करून ठेवा. डिझायनर म्हणाला, "ओपन फाइलचे, म्हणजे मूळ फाइलचे, वेगळे पैसे पडतील," तर ते आधी ठरवा, काम झाल्यावर नाही.

आता रंग. पडद्यावर झळकणारा हिरवा आणि गुलाबी छापल्यावर मळकट होतो, कारण पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि प्रेस शाईने. छापील पाऊच रोटोग्रॅव्हरवर करायचे असतील तर प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो आणि प्रत्येक सिलिंडरचे वेगळे पैसे. ग्रेडियंट (एकातून दुसऱ्यात मिसळत जाणारे रंग), सावल्या आणि सोनेरी चमक असलेला लोगो घेऊन पाऊचवाल्याकडे गेलेला माणूस कोटेशन बघून थेट माझ्याकडे येतो. त्यामुळे मी लोगो आधी निव्वळ काळ्या रंगात करतो. तो रबरी शिक्क्याच्या आकारात छापतो, त्याची झेरॉक्स काढतो, आणि झेरॉक्सवरही नाव वाचता आलं तरच पुढे रंगांचं बोलतो. गिऱ्हाइकाला हे रटाळ वाटतं. त्याला पहिल्याच दिवशी व्हिजिटिंग कार्डाचा गुळगुळीत मॉकअप, म्हणजे नमुन्याचं चित्र, हवा असतो, आणि मॉकअपमध्ये तर भिकार लोगोपण भारी दिसतो. म्हणून मी तो दाखवतच नाही.

टेम्प्लेटचं काय? कॅनव्हा या डिझाइनच्या साइटवरचं तयार टेम्प्लेट घेऊन लोगो करता येतो, पण तेच टेम्प्लेट उद्या शेजारच्या गल्लीतला घेऊ शकतो आणि त्याचा ट्रेडमार्क कॅनव्हाच्याच अटींनुसार करता येत नाही. हल्ली लोक एआयकडून, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, लोगो काढून आणतात. चित्र देखणं असतं, मराठी अक्षरं मात्र कुठल्या लिपीतली आहेत ते एआयलाच ठाऊक. एक ओळ टाइप करून लोगो मिळवायची घाई झालेल्यांना माझं सांगणं, चित्र खुशाल दाखवायला आणा, पण छापायला नेऊ नका.

आणि कृपा करून प्रत्येक घरगुती पदार्थाला नथ-चंद्रकोर, प्रत्येक सेंद्रिय गोष्टीला पान आणि प्रत्येक सर्व्हिसला पृथ्वीचा गोळा लावू नका. नथवाले पाच डबे एका शेल्फवर ठेवले तर घरच्या बाईलाही आपला कुठला ते सांगता येणार नाही.

मराठी अक्षरं, पाटी आणि कायदा

लोगो फक्त इंग्रजीत करून घेतात आणि पाटीच्या वेळी मराठी नाव कुठल्यातरी फाँटमध्ये खाली चिकटवतात. दुकानांच्या कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकान कितीही लहान असो, पाटी देवनागरी मराठीत लागते. दुसरी लिपी चालते, पण मराठी अक्षरं आधी हवीत आणि आकाराने लहान नकोत. मग मराठीपासूनच सुरुवात करा ना. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या संस्थेने केलेले मुक्ता आणि बलू हे फाँट खुल्या परवान्यावर आहेत, धंद्यासाठी वापरले तरी पैसे पडत नाहीत. ल आणि श यांची मराठी वळणं आली आहेत का तेवढं बघा. काही फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, पण वेबसाइटच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवल्याशिवाय मराठी वळण दिसत नाही. करणाऱ्याला विचारा. तो गोंधळला तर त्याने मराठी साइट केलेली नाही.

छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र धंद्याच्या नावात-लोगोत घ्यायचा आग्रह बरेच जण धरतात. भावना समजते. पण १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराला बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारासाठी वापरता येत नाही. मी असं काम घेत नाही.

नाव पक्कं करण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोधून बघा, फुकट आहे. अर्ज ऑनलाइन केला तर एका व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला मालाच्या एका वर्गाची फी ४,५०० रुपये, आणि नोंदणी १० वर्षं टिकते. मसाले ३० व्या वर्गात, लोणची २९ व्या वर्गात, म्हणजे दोन्ही विकत असाल तर दोनदा फी. नोंदणी होण्याआधी गोलातला आर, म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, लावणं कायद्याला धरून नाही, तोवर टीएम लावा.

वेबसाइटवरच्या किरकोळ, पण रोज दिसणाऱ्या चुका

फोन नंबर चित्रात छापलेला असतो, मग गिऱ्हाइकाला दाबून फोन लावता येत नाही. मजकुराचंही तेच. सगळी माहिती बॅनरच्या चित्रात असेल तर गूगलला त्यातलं फारसं हाती लागत नाही.

कॅमेऱ्यातले पाच-सहा एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवतात. एसटीत बसलेल्या माणसाच्या फोनवर ते उघडत नाहीत.

कुलपाच्या चिन्हाचे, म्हणजे एसएसएलचे, वेगळे दोन हजार मागितले तर विचारा कशाचे. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं.

रिफंड आणि प्रायव्हसीची पानं दुसऱ्याच्या साइटवरून उचलू नका. पापडाच्या एका साइटवर "वाद उद्भवल्यास डेलावेअरचं न्यायालय" असं वाचलंय मी, डेलावेअर म्हणजे अमेरिकेतलं राज्य. ऑनलाइन पैसे घ्यायचे तर पेमेंट गेटवेवाले ही पानं तपासतात. शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तुमचं नाव, पत्ता आणि तक्रार कुणाकडे करायची ते साइटवर लागतंच.

आणि दुकान स्थानिक असेल तर मोठ्या वेबसाइटच्या आधी गूगल बिझनेस प्रोफाइल करा. फुकट आहे. वेळा, फोटो, नकाशावरची खूण नीट भरा. त्याच्या जोडीला एक पानाची साइट, दर, पिनकोडसह पत्ता आणि व्हॉट्सअॅपची लिंक, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. 'आमचं व्हिजन' लिहायची घाई नको, ते कुणी वाचत नाही.

डोमेन आधीच दुसऱ्याकडे अडकलं असेल तर

साइट चालू आहे तोवरच हालचाल करा. ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडून ट्रान्सफरचा कोड मागा आणि डोमेनचं लॉक काढायला सांगा. दुसऱ्या रजिस्ट्रारकडच्या तुमच्या नव्या खात्यात कोड टाकला की डॉट कॉम साधारण आठवडाभरात येतं, वर एक वर्षाची मुदतही वाढते. डोमेन नुकतंच घेतलेलं असेल तर पहिले ६० दिवस हलवता येत नाही. तोच रजिस्ट्रार ठेवायचा असेल तर खात्यातल्या खात्यात बदल करून मिळतो, तो लवकर होतो. आल्यावर नोंदीतलं नाव, ईमेल आणि मोबाइल तिन्ही तुमचे आहेत का ते उघडून बघा. साइट करणाऱ्याचं बिल थकलं असेल तर आधी ते द्या. त्याच्याशी भांडायचंच असेल तर डोमेन हातात आल्यावर भांडा.