युनिव्हर्सिटीला देणगी देताय? मग या चुका टाळा

आमच्या बॅचला पंचवीस वर्षं झाली तेव्हा ग्रुपवर ठरलं की युनिव्हर्सिटीला काहीतरी द्यायचं, आणि हिशोबाला मी बरा म्हणून पैसे गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी पण शहाणा, म्हटलं सगळ्यांनी माझ्या खात्यात टाका, मी एकरकमी पाठवतो. त्रेचाळीस जणांनी टाकले, मी पाठवले, आठवड्याभरात पावती आली, छान सही शिक्का वगैरे, आणि त्यावर नाव एकच, माझं. मग सुरू झालं. "अरे माझी पावती?" "टॅक्सला दाखवायची आहे रे." एकाने तर "तुझी चांदी झाली की" असं पण ऐकवलं. युनिव्हर्सिटीच्या देणगी ऑफिसला फोन केला तर तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या की पैसे ज्याच्या खात्यातून आले पावती त्याच्याच नावाने निघणार, बाकीच्या त्रेचाळीस जणांशी आमचा व्यवहारच झालेला नाही.

बरोबरच होतं त्यांचं. पैसे मागायच्या आधी ऑफिसला एक मेल टाकला असता तर त्यांनी बॅचच्या नावाने एक फंड कोड काढून दिला असता, प्रत्येकाने तो कोड लिहून आपापल्या खात्यातून थेट भरायचं, पावती ज्याची त्याला आणि एकूण आकडा बॅचच्या नावावर. बऱ्याच ठिकाणी अशी सोय असते, फक्त विचारावं लागतं.

तेव्हापासून ओळखीतलं कुणीही देणगी द्यायला निघालं की मला फोन येतो, आणि चुका त्याच त्याच असतात.

पैसे नक्की कुणाला जातायत?

आपण आपलं "युनिव्हर्सिटीला दिले" म्हणतो, पण कागदावर युनिव्हर्सिटी वेगळी, तिचं फाउंडेशन वेगळं, माजी विद्यार्थी संघ वेगळा, आणि मैदानावरच्या टीमसाठी पैसे जमवणारी मंडळी कधीकधी आणखी वेगळी. चौघांची खाती वेगळी. माजी विद्यार्थी संघाला दिलेल्या पैशातून स्नेहसंमेलनाचा मांडव उभा राहिला तर "मी तर लॅबसाठी दिले होते" म्हणून उपयोग नाही. आणि टॅक्सची सूट सगळ्यांना दिलेल्या पैशांवर मिळेलच असं पण नाही, ते आधी विचारून घ्या.

तुम्ही एका देशात आणि युनिव्हर्सिटी दुसऱ्या देशात असेल तर अजून गंमत. थेट तिकडे पाठवलेल्या पैशांवर तुमच्या देशात सूट बहुतेक मिळत नाही. म्हणूनच अमेरिकेबाहेरच्या कितीतरी युनिव्हर्सिट्यांनी अमेरिकेत "फ्रेंड्स ऑफ" अशा नावाने संस्था काढून ठेवल्यात, तिकडच्या माणसाने तिथे द्यायचं. तुमच्या युनिव्हर्सिटीची अशी काही संस्था आहे का ते पैसे पाठवायच्या आधी शोधा, नंतर शोधून फक्त चुटपुट लागते.

"कशालाही वापरा" म्हणून मोकळं होणं

हे तसं चुकीचं नाही. ऑफिसवाल्यांना विचाराल तर ते म्हणतील हेच सगळ्यात कामाचे पैसे, कारण गळकं छप्पर दुरुस्त करायला नाव लावून कोण देणगी देणार. पण मग नंतर तक्रार करायची नाही, आणि मनात काही असेल तर ते कागदावर आणायचं. युनिव्हर्सिटी ऑफ न्यू हॅम्पशायरमध्ये एका माणसाने जवळपास पन्नास वर्षं लायब्ररीत काम केलं, अगदी साधं राहून पैसा साठवला आणि 2015 मध्ये गेला तेव्हा सगळी मिळून 40 लाख डॉलर युनिव्हर्सिटीच्या नावावर ठेवून गेला. त्यातले फक्त 1 लाख लायब्ररीसाठी असं लिहिलेलं होतं, बाकी कशालाही वापरा. पुढच्या वर्षी बातमी आली की त्यातले 10 लाख फुटबॉल स्टेडियमच्या व्हिडिओ स्कोअरबोर्डला लावले. लोक भडकले, लायब्ररीच्या माणसाचे पैसे आणि स्कोअरबोर्ड? पण नियमाने बघितलं तर युनिव्हर्सिटीचं काहीच चुकलं नव्हतं, त्या माणसाने मोकळीक दिली होती. त्याला स्वतःला स्कोअरबोर्ड आवडला असता की नाही ते आता कोण सांगणार. अजून एक ओळ लिहिली असती तर हा वादच झाला नसता.

आणि याच्या उलट, अटींचं कुलूप

दुसऱ्या टोकाची माणसं पण आहेत. अमुक गावचा, अमुक विषयाचा, इतके टक्के मिळवलेला, वडील नसलेला विद्यार्थी. वाचायला छान वाटतं, पण तसा विद्यार्थी चार वर्षांत एकदा सापडतो आणि तोवर पैसे नुसते पडून राहतात. अटी दोनच ठेवा, आणि त्याखाली एक वाक्य नक्की टाका, की असा विद्यार्थी मिळाला नाही किंवा तो विषयच बंद झाला तर त्याच्या जवळच्या कुठल्या कामाला वापरायला माझी हरकत नाही. हे वाक्य फुकट आहे आणि ते नसलं की वकील लागतात.

वकिलांवरून आठवलं, प्रिन्स्टनला 1961 मध्ये एका जोडप्याने 3.5 कोटी डॉलरचे शेअर्स दिले, मुलांना सरकारी सेवेसाठी तयार करायला. चाळीस वर्षांनी, 2002 मध्ये, त्यांच्या वारसांनी कोर्टात केस टाकली की पैसे त्या कामाला नीट वापरलेच नाहीत. 2008 च्या शेवटी तडजोड झाली, त्यात नुसत्या वकिलांच्या खर्चापोटी 4 कोटी आणि वर वारसांच्या नव्या फाउंडेशनला 5 कोटी असं युनिव्हर्सिटीकडून ठरलं. मूळ देणगीपेक्षा वकिलांचं बिल मोठं! (पैसे मधल्या काळात कित्येक पट वाढले होते म्हणा, पण तरी.)

तिसरा प्रकार म्हणजे पैसे दिले म्हणजे आता माझं ऐकायचं. येल युनिव्हर्सिटीला 1991 मध्ये एका माजी विद्यार्थ्याने 2 कोटी डॉलर दिले पाश्चात्त्य संस्कृतीच्या अभ्यासक्रमासाठी, पुढे त्या पैशातून नेमायच्या प्राध्यापकांच्या निवडीत आपलं मत घ्यावं असं त्याने म्हटल्यावर युनिव्हर्सिटीने नकार दिला आणि 1995 मध्ये सगळे पैसे परत केले. प्राध्यापक कोण, स्कॉलरशिप नक्की कुणाला, हे देणाऱ्याने ठरवायचं नसतं. "माझ्या भाच्याची फी भरा" म्हणून पाठवलेली रक्कम पण देणगी धरत नाहीत, ती सरळ सरळ भाच्याची फी.

कायमनिधीचं गणित

एकाने मला विचारलं, 1 लाख डॉलर दिले की दरवर्षी एका मुलाची पूर्ण फी निघेल ना? नाही निघणार. कायमनिधी म्हणजे एन्डोमेंट, त्यातली मुद्दल हलवत नाहीत, ती गुंतवतात आणि दरवर्षी साधारण 4 ते 5 टक्के खर्चाला काढतात. म्हणजे 4-5 हजार डॉलर. पुस्तकं, हॉस्टेलचा थोडा भार, इतकंच. शिवाय पहिलं वर्ष बहुतेक कोरडंच जातं कारण पैसे आधी गुंतवायला हवेत. तुम्हाला आत्ता शिकणाऱ्या मुलांना मदत करायची असेल तर तेच पैसे चालू खर्चाच्या स्कॉलरशिपला द्या, चार-पाच वर्षांत संपतील पण चार-पाच मुलं तरी धड शिकतील. माझं वैयक्तिक मत विचाराल तर लहान रकमेला कायमनिधीचा हट्ट धरू नये, त्यात मुलापेक्षा पाटीवरच्या नावाचा मोह जास्त असतो. आणि नाव लावायला प्रत्येक ठिकाणी किमान रक्कम ठरलेली असते, ती आधी विचारा म्हणजे नंतर रुसवेफुगवे नकोत.

शेअर्स देताना

बऱ्याच देशांत, अमेरिका-ब्रिटनमध्ये तर नक्कीच, वाढलेले शेअर्स तसेच ट्रान्सफर केले तर नफ्यावरचा टॅक्स लागत नाही. लोक काय करतात, आधी विकतात, टॅक्स भरतात आणि उरलेले देतात. तोट्यातल्या शेअर्सचं मात्र बरोबर उलट, ते आधी विका, तोटा आपल्या हिशोबात धरा आणि मग रोख द्या.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो, ब्रोकरकडून शेअर्स जातात तेव्हा पलीकडे बऱ्याचदा नुसता आकडा दिसतो, नाव दिसत नाही. युनिव्हर्सिटीच्या खात्यात तीनशे शेअर्स येऊन बसतात आणि कुणाचे ते कुणालाच माहीत नाही. ट्रान्सफरच्या दिवशीच मेल करा, कुठला शेअर, किती, कुठल्या ब्रोकरकडून, कुठल्या फंडसाठी.

बाजारात विकले न जाणारे शेअर्स द्यायचे असतील तर युनिव्हर्सिटी हजार प्रश्न विचारेल, विचारायलाच हवेत. फ्लोरिडा ए अँड एम युनिव्हर्सिटीने मे 2024 मध्ये पदवीदान समारंभात तब्बल 23 कोटी 70 लाख डॉलरची देणगी जाहीर केली, मोठा चेक स्टेजवर, टाळ्या. ते होते एका खाजगी कंपनीचे शेअर्स, त्यांची किंमत नक्की कुणी ठरवली यावरून काही दिवसांतच प्रश्न उठले, सगळं थांबवावं लागलं आणि जुलैत प्रेसिडेंटनी राजीनामा दिला.

कंपनीचे फुकटचे पैसे सोडून देणं

तुम्ही दिलेत तितकेच कंपनी पण देते, ही मॅचिंगची पद्धत जनरल इलेक्ट्रिकने 1954 मध्ये सुरू केली आणि नंतर पुष्कळ कंपन्यांनी उचलली. ती आपोआप होत नाही हो. फॉर्म तुम्हीच भरायचा, पावती तुम्हीच जोडायची, मुदत असते. आमच्या बॅचमध्ये निदान सहा जणांच्या कंपन्या मॅच करत होत्या, पण पावती माझ्या नावाची, म्हणजे त्या सहाही कंपन्यांचे पैसे हुकले. यावरून मला अजून टोमणे बसतात.

वस्तू आणि मृत्युपत्र

वस्तूंचं थोडक्यात, न विचारता देऊ नका. आम्ही नंतर एकदा एका विभागाला प्रोजेक्टर दिला, दोन वर्षांनी गेलो तर स्टोअररूममध्ये कपाटावर, रिमोटचं प्लास्टिक पण काढलेलं नाही. छताला लावायचा स्टँड आम्ही दिलाच नव्हता आणि तो घ्यायला विभागाकडे बजेट नव्हतं. यंत्र दिलं तर बसवायचे, चालवायचे, दुरुस्तीचे पैसे पण त्यासोबत द्या, नाहीतर सरळ रोख द्या.

मृत्युपत्रात संस्थेचं कायदेशीर नाव लिहा, आपण बोलताना म्हणतो ते नाही. संस्था एकत्र होतात, नावं बदलतात, म्हणून "किंवा तिची उत्तराधिकारी संस्था" हे पण लिहा. ठरलेल्या रकमेपेक्षा टक्केवारी बरी, वीस वर्षांनी इस्टेट किती असेल काय माहीत. जॉन हार्वर्डने 1638 मध्ये आजच्या हार्वर्ड युनिव्हर्सिटीला अर्धी इस्टेट आणि 400 च्या आसपास पुस्तकं दिली, पुस्तकं बहुतेक सगळी 1764 च्या आगीत गेली, नाव राहिलं. आणि मृत्युपत्रात ठेवलंय हे युनिव्हर्सिटीला जिवंतपणी कळवून ठेवा, अटी झेपतात की नाही ते सांगायला समोर माणूस असलेला बरा.

पैसे गेले, पावती नाही

पहिलं बघा, नाव जुळतंय का. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचं हे हमखास होतं, रेकॉर्डला जुनं नाव, बँकेत नवं, पैसे "अनोळखी" मध्ये पडून. मेलमध्ये दोन्ही नावं, पास झाल्याचं वर्ष, ट्रान्झॅक्शन नंबर, तारीख, रक्कम आणि फंडचं नाव टाका, नुसतं "माझी पावती आली नाही" लिहिलं तर पुढचा मेल हेच सगळं विचारणारा येणार. दर महिन्याची देणगी अचानक थांबली असेल तर नव्वद टक्के वेळा कार्ड बदललेलं असतं आणि आपण नवं टाकलेलं नसतं. रक्कम पावतीवर कमी दिसली तर चिडायच्या आधी आठवा, ती डिनरच्या तिकिटाची होती का, जेवणाची किंमत वजा करून उरलेलीच देणगी धरतात. आणि वर्ष संपायच्या शेवटच्या दिवशी रात्री भरलं असेल तर पावतीवर तारीख कुठल्या वर्षाची पडलीय ते तेवढं नीट बघा.